नातीचं पहिलं मागणं

मित्रांनो, माझ्या तळाला भोक आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर खाली वाकून फिदीफिदी हसायला नको. मी एक म्हातारा पाळणा आहे आणि ते भोक काही उंदरानं पाडलेलं नाही. बाळाला माझ्यात निजवून मऊ पट्ट्यांनी बांधतात. मग त्यानं शी-शू करायची कुठे? म्हणून तळाला भोक, भोकाखाली भांडं. माझ्यातली बाळं कायम कोरडी झोपली आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

मला कराताऊ डोंगराखालच्या सैतकाली सुतारानं घडवलं. ओढ्याकाठच्या वाळुंजीचं लाकूड वाफेवर वाकवून त्यानं माझे दोन गोलसर पाय केले. त्या पायांवर मी जमिनीवरच डुलतो. अंगात एकही खिळा नाही. सैतकाली कामाचा पक्का, पण तोंडाचा फटकळ. वाकवताना मी जरा कुरकुरलो की तो म्हणायचा, "रडू नकोस रे, रडणारे पुढे येणारच आहेत तुझ्यात!"

आणि आले की! पहिली आली उलबाला. केवढा आवाज होता त्या पोरीचा, अबब! तिच्या मागून तिची भावंडं आली. पुढे उलबाला मोठी झाली, लग्न होऊन या घरी आली आणि तिला बाळ होताच तिच्या आईनं मला गाडीत घालून इथे पोचवलं. आमच्याकडे हा मान आजोळचा असतो. बाळाचा पाळणा आईच्या आईनं आणायचा. दुसऱ्या कुणी आणलेला चालत नाही, लाभत नाही म्हणतात. उलबालाचे दोन मुलगे आणि धाकटी जिबेक, तिघंही माझ्यातच वाढली. गावातल्या बायका यायच्या, माझ्या दांडीवरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "पायगुणाचा आहे हो पाळणा!" मी नुसता फुलून जायचो.

मग मुलं मोठी झाली आणि माझी रवानगी स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीत झाली. एका बाजूला वाळवलेल्या जर्दाळूंची पोती, दुसऱ्या बाजूला पिठाचा डबा. मुलग्यांची लग्नं झाली, पण सुनांनी आपापल्या माहेरचे पाळणे आणले. रीतच तशी, त्यांच्यावर कसला राग धरायचा? आता मला बाहेर काढू शकणारी एकच व्यक्ती उरली होती. ती म्हणजे जिबेक.

जिबेक गुरांची डॉक्टर झाली. तालुकाभर गाई, घोड्या, मेंढ्यांची बाळंतपणं करत हिंडायची. नवरा तलगत, मोठा गुणी माणूस. पण वर्षांमागून वर्षं गेली आणि दुसऱ्यांची वासरं ओढून काढणाऱ्या जिबेकची स्वतःची ओटी रिकामीच राहिली. माहेरी आली की ती जर्दाळू घ्यायच्या निमित्तानं कोठीत यायची आणि माझ्या दांडीवर हात ठेवून उभी राहायची. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून ती मला हलवायची नाही. नुसता हात ठेवायची. तिचा तो हात मला फार जड वाटायचा.

एका दुपारी ती आली तीच घाईघाईनं. आईसमोर चुलीपाशी बसली. कोठीचं दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"अपा," ती आईला म्हणाली, "आम्ही शिमकेंतच्या दवाखान्यात जाऊन आलो. आता मी सांगते ते शांतपणे ऐक. मध्ये 'हाय हाय' करायचं नाही."

"मी कधी करते हाय हाय?" उलबाला म्हणाली. "हाय हाय, काय झालं गं?"

"हे बघ! अगं, बाळ व्हायला पुरुषाचं बीज लागतं आणि बाईचंही लागतं. तलगतचं ठीक आहे. माझी बीजं मात्र फार लवकर संपली. काही जणींची संपतात. यात माझी चूक नाही, कुणाची दृष्ट नाही की कुणाचा शाप नाही."

"मग आता?"

"दुसरी एक तरुण बाई आपली बीजं देते. स्वखुशीनं देते. तिला स्वतःचं मूल आहे, तिच्या सगळ्या तपासण्या झाल्यात. तिचं नाव आम्हाला सांगत नाहीत, आमचं तिला सांगत नाहीत. डॉक्टर तिचं बीज आणि तलगतचं बीज काचेच्या बशीत एकत्र आणतात. गर्भ धरला की काही दिवसांनी माझ्या पोटात ठेवतात. तिथून पुढे सगळं माझं. कुणाकुणाला पुरुषाचं बीज दुसऱ्याचं घ्यावं लागतं, आम्हाला बाईचं घ्यावं लागतंय. इतकंच."

उलबालानं कणकेला दोन बुक्के मारले. मग म्हणाली, "म्हणजे तू गाईंना करतेस तसंच की!"

"जवळपास तसंच. फक्त आता गाय मी."

मग दोघी इतक्या हसल्या की चुलीवरचा चहा उतू गेला.

मित्रांनो, पहिल्या खेपेला गर्भ रुजला नाही. जिबेक येऊन माझ्याजवळ बसली आणि पोटभर रडली. डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं, असं होतं, दर वेळी यश येतंच असं नाही. पण आधी सांगितलं म्हणून काय रडू थांबतं? दुसऱ्या खेपेला मात्र रुजला! तलगतचा फोन आला तेव्हा उलबालानं हातातलं लाटणं तसंच धरून अंगणात धाव घेतली. शेजारचा कुत्रा घाबरून कुंपणाखालून पळाला. मी म्हटलं, झालं, आता माझी धूळ झटकणार!

दिवस भरत आले, पण धूळ काही कुणी झटकेना. उलबाला बाळासाठी टोप्या विणी, जिबेकला लोणी-तुपाचे डबे पाठवी, पण कोठीत आली की माझ्याकडे पाठ करून उभी राही. मला कळेना, माझं काय बिघडलं? मग एक दिवस ती माझ्यासमोर पाट घेऊन बसली आणि स्वतःशीच बोलल्यासारखी बोलायला लागली.

"पाळणा आईच्या आईनं न्यायचा. पण बीज तर त्या परक्या पोरीचं. म्हणजे खरं आजोळ तिच्या आईचं. मग मी हा पाळणा नेला तर दुसऱ्या आजीचा मान हिसकावल्यासारखं नाही का होणार? आणि त्याचं काही त्या लेकराला बाधलं तर? नको गं बाई. एवढ्या वर्षांनी आलेलं लेकरू, माझ्या हौसेपायी त्याला काही व्हायला नको."

अगं बाई गं, अगं उलबाला! मला तोंड असतं तर मी केवढ्यानं ओरडलो असतो. जी आजी आपल्या हौसेपेक्षा बाळाची काळजी करते, तीच आजोळची आजी नव्हे, तर मग कोण? पण लाकडानं बोलायचं कसं? मी आपला जरा कुरकुरलो. तिला वाटलं, उंदीर आहे.

मुलगी झाली. अकबोता तिचं नाव. उलबाला दवाखान्यात जाऊन आली, बाळाचे मुके घेऊन आली, येताना रस्ताभर सगळ्यांना गोड वाटत आली. पण मला नेलं नाही. जिबेकचे फोन यायचे.

"अपा, पाळणा कधी आणतेस?"

"आणू गं. जरा रंग उडालाय."

दुसऱ्यांदा विचारलं तर पट्ट्या विरल्यात म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, वारा फार सुटलाय. मित्रांनो, माझा रंग उडालेला नव्हता! सैतकालीचा लाल-निळा रंग आजही डोळ्यांत भरतो. त्यानंतर जिबेकनं पाळण्याचं विचारणंच सोडून दिलं. फोनवर ती नुसतं "बरं" म्हणायची. फोन ठेवला की उलबाला डोळ्यांना पदर लावायची, रुमाल म्हणा हवं तर, डोक्याला बांधायचा तो. इकडे आजी रडतेय, तिकडे आई रडतेय आणि मधे मी जर्दाळूंच्या शेजारी धूळ खातोय. एवढं आनंदाचं बाळ घरात आलेलं आणि ही अशी तऱ्हा!

आमच्याकडे पहिले चाळीस दिवस बाळाला घराबाहेर काढत नाहीत. ते उलटले त्याच सकाळी आमच्या दारात गाडी उभी राहिली. आधी उतरली कातिपा, म्हणजे जिबेकची सासू. अंगानं आडवी, आवाजानं त्याहून आडवी. मागून तलगत आणि बाळाला घेतलेली जिबेक. जिबेकचे डोळे सुजलेले होते.

"या, या विहीणबाई!" उलबाला गडबडली. "बसा, चहा टाकते."

"चहा नंतर," कातिपा म्हणाली. "आम्ही पाहुणचाराला नाही आलो. मागायला आलोय. नात आजोळी आली की ती मागेल ते तीनदा द्यायचं, नाही म्हणायचं नाही. ही रीत आमच्याकडे अजून आहे. तुमच्याकडे बंद झाली का?"

"बंद कशाला होईल..."

"मग ऐका. अकबोताला अजून बोलता येत नाही, तिच्या वतीनं मी बोलते. तिचं पहिलं मागणं, पाळणा! पोर कपड्यांच्या टोपलीत झोपतेय. तलगत बाजारातून नवा आणतो म्हणाला, तर ही तुमची लेक त्याच्या अंगावर धावून गेली. म्हणे, येईल तर माझ्या आईच्या हातचा येईल, नाहीतर नको."

उलबाला चहाचं भांडं हातात धरून तिथेच पाटावर बसली. "विहीणबाई, मला का हौस नाही? पण आजोळ... ते बीज दुसऱ्या..."

"हां, म्हणजे असं आहे तर!" कातिपानं कमरेवर हात ठेवले. "गेल्या हिवाळ्यात तुमचं दही बिघडलं, तेव्हा विरजण शेजारणीकडून आणलंत ना? मग काय, लागलेलं दही पातेल्यासकट तिला देऊन आलात? दूध तुमचं, चूल तुमची, रात्रभर गोधडीत गुंडाळून ठेवलंत तुम्ही. आणि नऊ महिने उलट्या कुणी केल्या, त्या बाईनं? बादली मी धरत होते, मला विचारा!"

तलगत आपल्या आईला हळूच म्हणाला, "बादली मी धरत होतो, अपा."

"तू गप्प बस! मी तुला धरायला सांगत होते!"

उलबालाला हसू फुटलं आणि हसता हसता रडू कोसळलं. "पोरी, मला वाटलं, दुसऱ्या आजीचा मान घेतला तर बाळाला बाधेल. म्हणून मी..."

"एवढंच होतं?" जिबेक आईपुढे मांडी घालून बसली. "अपा, मला वाटलं तुला माझी लाज वाटते. तुला बाळ आपलं वाटत नाही. रोज मी तेच मनात घेऊन रडत होते गं!"

"लाज? माझ्या अकबोताची?" उलबालानं बाळ ओढूनच घेतलं. "कोण म्हणतं ते, समोर आण त्याला!"

आणि मग, मित्रांनो, कोठीत उजेड आला! जिबेकनं बाळाला घेतलं आणि बाकी तिघांनी मिळून मला बाहेर काढलं. जर्दाळूचं एक पोतं सांडलं, कुणी लक्ष दिलं नाही. उलबालानं मला पुसलं, रंगाकडे बघून स्वतःशीच लाजली, पट्ट्या धुऊन वाळत टाकल्या आणि माझ्या चारी बाजूंनी सुगंधी झुडपाची धुरी फिरवली. तासाभरात अर्धा गाव अंगणात जमला. मोठ्या कढईत पिठाचे गोळे तळले जाऊ लागले.

आता आमच्याकडची सगळ्यांत मजेची गोष्ट. बाळाला निजवायच्या आधी आजी माझ्या त्या भोकातून मूठ मूठ खाऊ खाली सोडते आणि विचारते, "शी केली का?" खाली बायका-मुलं ओंजळी पसरून बसलेली असतात. ती ओरडतात, "केली!" आणि खाऊवर तुटून पडतात. अहो, नाकं मुरडू नका. जो खातो त्याच्या घरी बाळ येतं म्हणतात.

उलबालानं पहिली मूठ भरली, पण खाली सोडली नाही. स्वच्छ रुमालात बांधून तिनं ती बाजूला ठेवली. "ही त्या पोरीची," ती म्हणाली. "कुठे असेल तिथे तिचं लेकरू सुखात राहो. अकबोता मोठी झाली की तिलाही सांगू, तुला आणायला एका पोरीनं हात लावला होता." कातिपानं मोठ्यानं नाक शिंकरलं.

मग उलबालानं दुसरी मूठ भरली आणि अशी काही गर्जना केली की मला तिची तान्हेपणीची आरोळी आठवली. "शी केली का?"

"केली!" अख्खं अंगण ओरडलं.

मग अकबोताला माझ्यात ठेवलं. हलकी, ऊबदार, दुधाचा वास येणारी. किती वर्षांनी! जिबेकनं माझ्या दांडीवर हात ठेवला आणि या वेळी मला हलवलं. तोच हात, पण आता अजिबात जड नव्हता.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात जुना पाळणा असेल तर त्याला कोरडा ठेवा, अधूनमधून तेल चोळा, जर्दाळूंच्या शेजारी टाकून देऊ नका. आणि मनात काही खुपत असेल तर रंगाची, वाऱ्याची कारणं सांगू नका, सरळ बोला. कोणत्याही बाळाला घरात आणायला किती हात लागले, हे जरूर सांगा, पण ते कुणाचं, असं विचारत बसू नका. आम्हा पाळण्यांना एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो आणि तो तुम्हाला आता ठाऊक आहे.

अकबोताची दोन मागणी अजून बाकी आहेत. उलबाला रोज वाट बघते.