बुजवलेलं दार

सान आमारोचं चर्च मातीचं आहे, आणि ती माती फुकट राबवलेल्या माणसांनी तुडवलेली आहे. लुकारियाच्या पूर्वजांच्या पाठीवर चाबूक ओढून स्पॅनिश पाद्र्यांनी विटा पाडून घेतल्या. पुढं त्याच चर्चला गावानं आपलं म्हटलं.

दरवर्षी सणाआधी गावच्या बाया भिंती लिंपतात. थापी नाही, नुसते हात. प्रत्येक घराचा भाग ठरलेला. लुकारियाच्या घराकडं उत्तरेचा तुकडा होता: चर्चला लागून असलेल्या पाद्र्याच्या कोठीचं बुजवलेलं दार.

त्या कोठीत तिची धाकटी बहीण फेमिया पाद्र्याचा मका दळायला जायची. एका उन्हाळ्यात ती परत आलीच नाही. "पोरगी पळाली," पाद्री म्हणाला, आणि छप्पर पडायला झालंय असं सांगून त्यानं कोठीचं दार विटांनी बुजवून टाकलं. आई गप्प बसली. गाव गप्प बसलं. सगळ्यांनी रविवारी गुडघे टेकले.

आता पाद्री मेला, आई मेली, लुकारियाचे केस पिकले. पण तो तुकडा कधी वाळला नाही. सगळी भिंत उन्हानं कडक झाली, तरी दाराच्या मधोमध, लहान पोरीच्या छातीएवढ्या उंचीवर, ताटाएवढा ओला डाग राहायचाच. "उत्तरेची भिंत, ऊन कुठं लागतंय," बाया म्हणायच्या.

यंदा लुकारियानं डागावर तळहात टेकला. माती कोमट होती. आणि पलीकडून, थेट तिच्या तळव्याखाली, काहीतरी गोल गोल घासत गेलं.

तिनं हात मागं घेतला.

"आत्या, हात चालव की!" यंदा चर्चची देखभाल तिचा भाचा आनासेतोकडं होती. "उद्या बिशप येणार, आणि तू भिंतीशी लाडात आलीयस!"

"कुदळ आण."

"डोकं फिरलं का तुझं?"

"फेमिया इथं आहे."

"ती पळाली होती, आत्या. सगळं गाव सांगतं."

"जोडे कोठीच्या दारात सोडून, अनवाणी पळाली होय रे? तुझ्या गावाला ते जोडे दिसले नाहीत?"

बायांचे हात थांबले. म्हातारी कोंसेपसियोन हळूच म्हणाली, "झाकलेलं राहू दे, बाई. आमच्या लेकरांची लग्नं इथंच लागलीत."

"आणि माझी बहीण इथंच सडलीय!"

लुकारियानं कुदळ स्वतःच आणली. विटा मऊ होत्या, भाकरीसारख्या तुटल्या. आतून गार, ओल्या चिखलाचा वास आला. छप्पर धडधाकट होतं.

जात्याच्या दगडाशी इवलीशी हाडं अंग मुडपून पडली होती. आनासेतोनं छातीवर क्रूस काढला. लुकारिया मात्र जमिनीकडं बघत होती. जमीन बोटांनी खरवडून खरवडून घमेल्यासारखी खोल झाली होती. मग तिनं उरलेल्या विटांची आतली बाजू पाहिली.

तीही लिंपलेली होती. थरावर थर, बाहेर होते तेवढेच. इवल्या बोटांची वळणं, आणि शेवटी अंगठ्याचा तो डावा फटकारा, जो आईनं दोघी बहिणींनाच शिकवला होता.

वरचा थर ओला होता.

"झालं गं, फेमे," लुकारिया म्हणाली. "आपला वाटा झाला. आता बस कर."

तिच्या डोळ्यांदेखत तो थर कडेपासून वाळत, पांढरा पडत गेला.

मागून कोंसेपसियोननं चिखलाचं घमेलं पुढं सरकवलं, भोक बुजवायला. लुकारियानं ते लाथेनं उलथं केलं.

"आनासेतो, उद्या बिशपला याच दारानं आत आण."