डावा बर्नर

आमच्या घरात गॅस आला तेव्हा सगळ्यात जास्त मीच नाचले, आणि तो बिघडायला लागला तेव्हा सगळ्यात जास्त बोलणीही मीच खाल्ली. तो का बिघडतो हे कुणालाच कळत नव्हतं. मला तर मुळीच नाही.

आमच्या भुकूम गावात तेव्हा हिंजवडीत नोकरी करणारे भाडेकरू यायला लागले होते. माझा नवरा शंभू याने घरावर दोन खोल्या चढवल्या आणि एकीत लातूरकडची मृण्मयी राहायला आली. बांधकाम निघालंच होतं, म्हणून खाली स्वयंपाकघरात ओटाही झाला. पण ओट्यावर काय ठेवायचं यावरून घरात एकमत होईना. चूल नको, एवढं नक्की होतं, कारण धुराने माझा खोकला थांबत नव्हता. पौडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "धूर सुटला नाही तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही."

माझ्या सासूबाई, चंद्राबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं मत कोळशाचं पडलं. "कोळशाला धूर कुटं असतोय? कोळसाच घ्या," म्हणाल्या. स्वतः जाऊन पोतं बघून आणलं. एका कोळशावर दुसरा वाजवून बघायचा, खणखणीत वाजला तर चांगला वाळलेला, भद्द वाजला तर ओला. मला हे फार आवडलं. शेगडी पेटली, धूर खरंच नव्हता, आणि मी खूश होऊन पावसाची झड आत येऊ नये म्हणून दार-खिडक्या गच्च लावून घेतल्या.

भाकऱ्या संपेपर्यंत डोकं गरगरायला लागलं. आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून परत घातलं, मग परत आठवेना. मृण्मयी काहीतरी मागायला खाली आली म्हणून बरं. तिने मला धरून ओसरीवर आणलं आणि वरून झापलं, "वहिनी, बंद खोलीत कोळसा जाळतात का? धूर दिसत नाही, पण हवा विषारी होते ना!" ती आमटी शेवटी म्हशीनेही हुंगून सोडली.

मग गॅस आला. आत्याबाई विरोध करतील म्हणून मी पदर खोचून तयार होते, तर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. उलट टाकीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. एवढं मुकाट्याने मान्य केलं, तिथेच मला संशय यायला हवा होता.

थोडे दिवस निळी ज्योत, पांढरी भांडी, सगळं सुखाचं. मग डावा बर्नर पिवळा जळायला लागला आणि भांड्यांची बुडं काळी. शंभूने दुरुस्तीवाल्या नथूला बोलावलं. नथूने बर्नर उचलून बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"वयनी, काय सांडताय हितं? भोकं बुजल्यात सगळी."

"काय न्हाई सांडत. दूधबी मी उजव्यावरच तापवती."

नथूने तारेने भोकं मोकळी केली. आठवडाभराने परत तेच. उजवा बर्नर ठणठणीत, डावाच आजारी. मृण्मयी म्हणाली सोड्याच्या पाण्यात घाला, घातला. शंभू म्हणाला गॅसची शेगडी तिरकी असेल, त्याने पत्र्याचा तुकडा खाली सारला. मी म्हटलं झुरळं असतील. प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच, आणि डावा बर्नर आपला चोंदलेलाच.

एके सकाळी तर ज्योतच विझली आणि घरभर वास सुटला. शंभूने धावत जाऊन कॉक बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"बास झालं," तो म्हणाला. "अजून एकदा असं झालं, की ही टाकी वर मृण्मयीताईला देऊन टाकनार. त्या बिचाऱ्या स्टोव्हवर रांधत्यात. आपल्याला चूलच बरी."

चूल बरी! त्याच्या छातीत नव्हता जात तो धूर. मी आत जाऊन रडले आणि डोळे पुसता पुसता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी मी गोठ्यात धारा काढायला जाते तेव्हा पहिली भाकरी आत्याबाई टाकतात. डाव्या बर्नरवर. मुद्दाम बिघडवत असणार. तोंडाने एक शब्द काढायचा नाही आणि हाताने काम साधायचं! माझं डोकं असं भडकलं की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी चरवी घेऊन निघाले आणि गोठ्याला वळसा घालून मागल्या दाराशी येऊन उभी राहिले.

आत्याबाईंनी भाकरी तव्यावरून काढली, तवा उतरवला. भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर रात्रीच्या भाताचं शीत, वर तुपाची धार. आणि तो घास उचलून पेटत्या बर्नरवर ठेवला. तूप चुरचुरत भोकांत उतरलं. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटल्या.

"आत्याबाई!" मी ओरडलेच. "ह्ये काय चाललंय? गॅस घरातनं घालवायचाय व्हय तुमाला?"

त्या दचकल्या. मग माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मीच खुळ्यासारखी बोलतेय.

"घालवायचाय? अगं, टिकवतीया की मी!"

"घास घालून?"

"मग? चुलीला रोज पयला घास देत हुते का न्हाई? ह्या गॅसच्या शेगडीनं काय पाप केलं? दिसभर घराचं जेवान शिजवायचं आन आपन उपाशी ऱ्हायाचं?" त्यांचा आवाज खाली आला. "उपाशी ऱ्हायली तर तुलाच बाधंल, शुभे. तुज्यासाटी आनलीया ती. रोज म्हनते तिला, शुभीचा खोकला तेवढा जाळ, बाई."

हसू यावं असं होतं आणि रडू आलं. ज्या बाईवर मी रात्रभर दात खाल्ले, ती माझ्याच खोकल्यासाठी माझाच गॅस बुजवत बसली होती. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात शंभू आत आला. ज्योत पिवळी, भक् भक् करत होती.

"आज परत?"

"माजंच चुकलं," मी म्हटलं. "भात उतू गेला. आता जपून करीन."

"भात?" आत्याबाई म्हणाल्या. "भात कुटं चढलाय अजून?"

"कालचा, आत्याबाई! कालचा उतू गेला हुता!"

शंभूने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, रिकाम्या ओट्याकडे बघितलं. "हे शेवटचं," एवढं म्हणून डोकं खाजवत निघून गेला. आत्याबाईंना मी खोटं का बोलले ते कळलं नव्हतं, आणि मलाही ते त्यांना धड सांगता येईना. तुमच्या घासाने टाकी जाईल, हे त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी मी धारा काढायला गेलेच नाही. खिडकी उघडली, कोळशाच्या पोत्यातून एक खणखणीत तुकडा निवडला, जाळीवर ठेवून डाव्या बर्नरवर लाल होईपर्यंत धरला आणि जुन्या कोळशाच्या शेगडीत घातला.

"आत्याबाई, ह्यो इस्तू गॅसचाच हाय. घास हितं द्या, तिला पोचंल."

त्या कधी शेगडीकडे बघत, कधी गॅसकडे. "दोन्हीकडचा येकच कसा?"

"तुमी शेजारनीच्या चुलीतनं इस्तू आनायच्या, तवा तो येगळा असायचा व्हय?"

हे मात्र पटलं. त्यांनी घास घातला, तुपाचा धूर उठला आणि मला खोकल्याची अशी उबळ आली, की मी ओटा धरून वाकले.

आत्याबाईंनी हात जोडलेच नाहीत. पदराच्या घडीत शेगडी उचलली आणि तशाच मागल्या दाराने बाहेर, शेवग्याखाली नेऊन ठेवली. "तिकडं जेवंल ती," परत येऊन म्हणाल्या. "तू खिडकीपाशी ऱ्हा."

त्यानंतर नथूला परत बोलवायची वेळ आली नाही. बर्नर कसा बरा झाला हे शंभूला कधी समजलं नाही, आणि डाव्या बर्नरचं नाव निघालं की तो पत्र्याच्या तुकड्याकडे बोट दाखवतो.

पावसाळा सरल्यावर एकदा तो गोठ्यातून येताना शेवग्याखाली थबकला. आत्याबाई निखाऱ्याला तूप-भाकरी वाढत होत्या.

"आये, कुनाला जेवू घालतीयास?"

"तुज्या बायकूच्या गॅसला."

शंभू आ वासून एकदा शेवग्याकडे आणि एकदा घराकडे बघत राहिला. मी खिडकीतून ते बघितलं आणि पोट धरधरून हसले. हसून हसून थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मला खोकला आलाच नव्हता.