आखाजीची पळी

फुकट कोणी कोणाला खाऊ घालत नाही, हे तोताराम चहावाल्याचं ठाम मत. अमळनेर स्टेशनसमोर आम्ही चर्चची माणसं दर रविवारी प्रार्थनेनंतर भुकेल्यांसाठी खिचडीचं पातेलं मांडायचो, आणि त्याची टपरी बरोबर समोर. "सुनंदाबाई, आज किती बाटवले?" असं तो मोठ्यानं विचारायचा. मला राग यायचा. पण खरं सांगायचं तर संशयाच्या बाबतीत मी त्याच्याहून काही कमी नव्हते.

माझा संशय द्रौपदाबाईवर होता. नवरा गेला, दिरांनी घराबाहेर काढलं, तेव्हापासून ती फलाटावर झोपायची. पण रांगेत कधी जेवायची नाही. सगळ्यांचं झालं की न सांगता पातेलं घासायला घ्यायची, आणि तळाची खरवड डब्यात भरून निघून जायची. एवढी सेवा उगाच कोण करतं? त्यात मागच्या महिन्यात आमच्या कोठीतून डाळीचं पोतं गेलं होतं. पुन्हा काही गेलं तर जेवण बंद, असं चर्चच्या पंचांनी बजावलं होतं. किल्ली माझ्या पदराला होती.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रविवारी ती माझ्याजवळ आली.

"ताई, आखाजीले मनी अंडेर येवाव शे नंदुरबारथून. त्या दिन पळी मना हातमा दे."

"लेक येतेय तर पळी कशाला?"

"तिले मी सांगेल शे, मी चर्चमा रांधाना कामले शे. घर गयं हाई तिले कळनं तं सासरमा तिनी मान खाले जाई."

गोष्ट ऐकायला चांगली होती, म्हणूनच मला ती खरी वाटेना. लेक असती तर इतक्या दिवसांत एकदा तरी आली नसती? आज पळी मागेल, उद्या किल्ली. मी नुसतं "बघू" म्हणाले.

आखाजीही रविवारीच आली. द्रौपदाबाई धुतलेलं लुगडं नेसून पातेल्याजवळ उभी राहिली. नाही म्हणायला जीभ उचलली नाही. पळी दिली, पण पदराची गाठ मुठीत धरून मी शेजारीच थांबले. ती वाढत होती आणि नजर सारखी स्टेशनच्या दाराकडे. कोणा साथीदाराला खूण तर करत नसेल? गाडी आली, माणसं बाहेर पडली, पांगली. लेक काही दिसेना. मनात म्हटलं, बघा, मी सांगत नव्हते?

तेवढ्यात कडेवर पोर घेतलेली एक बाई दारातून बाहेर आली. इकडेतिकडे पाहत ती नेमकी तोतारामच्या टपरीकडे वळली.

"भाऊ, द्रौपदाबाई कोठे भेटी?"

तोताराम रोज पहाटे द्रौपदाबाईला फलाटावर उठताना पाहायचा, आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. त्यानं आधी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ती काय, चर्चनी सैपाकीन," तो म्हणाला. "तिना हातनी खिचडी खाय. आख्खं गाव तीच खास."

लेकीचं नाव मंजुळा. ती येऊन मायच्या पायाशी बसली. द्रौपदाबाईनं तिला वाढलं, नातवाला वाढलं, आणि मी तिला पहिल्यांदाच सगळ्यांसमोर जेवताना पाहिलं. घास गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझेही डोळे भरून आले आणि मला माझीच चीड आली.

"ताई," मंजुळानं मला विचारलं, "माय रातले कोठे निजस?"

द्रौपदाबाईचा हात ताटातच थांबला.

"आमच्या कोठीत," मी म्हणाले. प्रार्थना करून आलेलं तोंड, आणि बेधडक खोटं बोलले. आता पदराची गाठ सोडणं भागच होतं. "ही घ्या द्रौपदाबाई, तुमची किल्ली. सकाळी माझ्याकडेच विसरला होतात."

आखाजीला आलेली लेक काही त्याच दिवशी परत जात नाही. दुपारी त्या मायलेकींना झोपायला जागा व्हावी म्हणून मी कोठीतली पोती भिंतीशी सरकवली. सरकवता सरकवता ओठांतल्या ओठांत मोजलीही. सवय जात नाही.

द्रौपदाबाई दारात उभी होती. तिनं ते पाहिलं.

"रोज मोजत जाय, ताई," ती शांतपणे म्हणाली. "मी आते आठेच शे, कोठीमा."