टेंभुर्णीच्या बीतल्या वाटा

लग्न होऊन रावेरला आल्यावर मोहिनीला सासूचं एकच वेड दिसलं, केळीची बाग. कुंदाबाई चहाच्या आधी बागेत जात आणि जूनमध्ये स्वतःच्या हातांनी लावलेल्या रोपांशी बोलत बसत. आईने मलाही इतकं कुरवाळलं नाही, असं चंदन बायकोला हसत सांगायचा.

ऑगस्टात नऊ रोपांवर पिवळे पट्टे उठले. मोहिनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. हा हरण्या रोग, रोपं कंदासकट उपटून जाळायला हवीत, असं तिने हळूच सांगितलं. कुंदाबाईंनी ऐकून घेतलं आणि विळ्याने फक्त पिवळी पानं कापली. बाकीचं रोप हिरवंगार होतं ना! आठवड्याने नव्या पानांवरही पट्टे आले. त्यांनी तीही कापली. मोहिनीने पुन्हा विषय काढला नाही. नवी सून, किती बोलणार?

रविवारी मात्र तिने सासूला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. उन्हाळ्यात सातपुड्यातून आणलेलं टेंभुर्णीचं, म्हणजे तेंदूच्या झाडाचं, बी तिने भिजवून ठेवलं होतं. त्याचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा काप काढून तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कुंदाबाई पदर सावरून वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग त्यांनी विचारलं, या खोल्यांच्या भिंतींतून केसासारखं काय गेलंय?

मोहिनीने समजावलं. प्रत्येक खोली म्हणजे एक पेशी, आणि ते केस म्हणजे शेजारच्या पेशीकडे जायच्या वाटा. साखर, पाणी, निरोप, सगळं त्यांतून जातं. केळीतही अशाच वाटा असतात, फक्त इतक्या ठळक दिसत नाहीत. धोका जाणवला तर पेशी त्या बुजवू पाहते. पण हरण्याचा विषाणू वाट रुंद करून शिरतो. पान पिवळं दिसेपर्यंत तो झाडभर पसरलेला असतो.

कुंदाबाई स्टुलावर बसल्या.

"म्हंजे मी पानं कापत बसले, अन् तो आत फिरत व्हता."

"हो, आई."

"मले वाटे, तुले झाडाची माया नाही."

"तुम्हाला दुखवायचं नव्हतं, म्हणून पुन्हा बोलले नाही," मोहिनी म्हणाली. कुंदाबाईंनी तिचा हात धरला, तो रिक्षा मिळेपर्यंत सोडला नाही.

घरी न जाता त्या थेट शेजारच्या बागेच्या धुरपदाबाईंकडे गेल्या. मावा कीड हा रोग एका बागेतून दुसरीत नेते, आणि आपण पंधरा दिवस लपवलं, हे त्यांनी सांगून टाकलं. मोहिनी भांडणाची वाट बघत उभी होती. धुरपदाबाई मान खाली घालून म्हणाल्या, की आमच्याही चार रोपांना आहे. कुणी बघू नये म्हणून मीही पहाटेच पानं कापते. दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी तिघींनी तेरा रोपं खणून काढली आणि बांधावर जाळली. शेवटच्या रोपापाशी कुंदाबाईंचा हात थांबला. मोहिनीने त्यांच्या हातातून कुदळ घेतली. दुपारी धुरपदाबाईंकडे तिघी जेवायला बसल्या, तेव्हा कुंदाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची पहिली गरम भाकरी उचलून सुनेच्या ताटात ठेवली. माझ्या घरी वाढायचं काम माझं, अशी तक्रार धुरपदाबाईंनी केली, पण दुसरी भाकरीही मोहिनीलाच वाढली.