संध्याकाळी चढणारा आकडा

तपासनीसबाईंचा जावयावर विश्वास नव्हता. त्यात विशेष काही नाही म्हणा, बाईंचा कुणावरच नव्हता. सगळी नोकरी बसमधल्या प्रवाशांची तिकिटं तपासण्यात गेलेली. खिडकीबाहेर बघत बसलेला माणूस फुकट्या आणि झोपेचं सोंग घेतलेला तर पक्का फुकट्या, हे त्यांना लांबून कळायचं. निवृत्तीनंतर गणवेश गेला, नजर तेवढी राहिली. लेक बिचारी त्या नजरेखालीच मोठी झाली होती.

डोंगरावरचं जंगल पेटलं आणि शहरावर धूर येऊन बसला, तशा बाई लेकीकडे राहायला आल्या. आल्या त्या बाळासाठी. दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं, एवढंसं पोर, नुकतंच काचेच्या पेटीतून घरी आलं होतं. डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नव्हता. "याची फुप्फुसं कच्ची आहेत. घरात धूर शिरला तर बाळ पुन्हा पेटीत जाईल, आणि या वेळी मी कसलीच खात्री देणार नाही."

मग आतली खोली बाळाची झाली. जावई गाड्यांना स्प्रेने रंग मारायचं काम करायचा, त्यामुळे चिकटपट्टी लावण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या फटी बुजवल्या. बाळाच्या खोलीत कपाटामागे भिंतीत जुन्या एसीच्या नळीचं भोक होतं, त्यावर पट्टी मारली. घराच्या दाराखाली ओला टॉवेल दाबला, खोलीच्या कोपऱ्यात हवा शुद्ध करायचं यंत्र लावलं आणि बाहेरूनही दिसेल असा एक मीटर तिथल्या भिंतीवर टांगला. हवेत धूर किती, ते त्यावर आकड्यात दिसायचं. दहाच्या आसपास असलं की चिंता नाही. घरात तळण बंद, केर काढणं बंद, फरशी ओल्या फडक्यानेच पुसायची.

दिवसभर तो आकडा शहाण्या मुलासारखा बसून असायचा. आणि संध्याकाळी जावई कामावरून आला की थोड्याच वेळात चढायला लागायचा. वीस, चाळीस, सत्तर. बाळ खोकायचं. खोकला तरी कसला, मांजराच्या पिल्लाने शिंकावं तेवढा आवाज. पण आजीच्या काळजात चर्र व्हायचं.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, कुठेतरी पाणी मुरतंय. तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला आणि तपास हातात घेतला.

जावई आला की बूट दाराबाहेर काढायचा आणि कुणाशी न बोलता थेट बाथरूममध्ये शिरायचा. आतून कडी. कडीपाठोपाठ एक्झॉस्ट फॅनची घरघर. आंघोळ उरकून माणूस बाहेर यायचा तरी फॅन आपला चालूच. थेट जेवायला बसायच्या वेळी जाऊन तो बंद करायचा.

"एवढा वेळ हे आत करतात तरी काय?" बाईंनी लेकीला विचारलं.

"आंघोळ करतो गं, आई. अंगावर रंग असतो, बाहेरचा धूर असतो."

"आणि फॅन कशाला? आपण दोघी लावतो का कधी फॅन?"

"त्या आवाजाने बाळ उठतं, म्हणून आपण नाही लावत."

"तेच तर म्हणतेय! बाळ उठलं तरी चालेल पण फॅन हवाच, हे कुणाला? ज्याला वास घालवायचाय त्याला."

लग्नाआधी जावई सिगरेट ओढायचा, हे दोघींना ठाऊक होतं. लेकीला दिवस राहिले तेव्हा त्याने शपथ घेऊन सोडली होती. शपथ! बाईंना हसूच आलं. अहो, फुकटे प्रवासीसुद्धा शपथाच घेतात, आणि त्याही स्वतःच्या आईच्या.

दुसऱ्या दिवशी धुवायला टाकलेल्या त्याच्या पँटच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या सापडल्या. बाईंनी त्या जेवणाच्या टेबलावर नीट मांडून ठेवल्या आणि संध्याकाळची वाट बघत बसल्या.

"जावईबापू," तो आंघोळ करून आल्यावर त्यांनी आवाजात साखर कालवली, "खरं काय ते सांगून टाका. मी काही रागावणार नाही."

"कशाबद्दल, आई?"

"या गोळ्या कशाला लागतात?"

"रंगातल्या थिनरचा वास घशात बसतो. जात नाही लवकर."

"आणि तो फॅन?"

"रंगकामाच्या शेडमधली सवय आहे. आमच्याकडे आधी फॅन, मग काम. आणि काम झाल्यावरही बराच वेळ फॅन बंद करायचा नाही, हवा साफ होऊ द्यायची. माझ्या अंगावरचा धूर बाळाला लागायला नको म्हणून मी..."

धडाधडा उत्तरं आली. बाईंना तिथेच संशय पक्का झाला. खरं बोलणारा माणूस जरा अडखळतो, असा त्यांचा अनुभव. त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "मग तुम्ही आल्यावरच तो आकडा का चढतो, ते सांगा."

त्याने मीटरकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर. आतून बाळ खोकलं.

"मला नाही कळत," तो म्हणाला आणि इथे मात्र अडखळला.

बाईंना तेवढं पुरलं. "कळेपर्यंत तुम्ही शेडवर झोपा. तुमची सिगरेट मोठी की पोराचा जीव मोठा?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती काही बोलेल, असं त्याला वाटलं असणार. ती आकड्याकडे बघत राहिली. त्याने पिशवीत दोन कपडे कोंबले, बाळाच्या दारापाशी जरा थांबला आणि निघून गेला.

दुसऱ्या संध्याकाळी आकडा अकरावरून हलला नाही. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही नाही. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" बाई म्हणाल्या. लेक बाळाची दुपटी घडी करता करता रडली, पण आईशी वाद घालायला तिच्याकडे काही नव्हतं. जावयाचा रोज फोन यायचा. आकडा किती, एवढंच विचारायचा. लेक तो सांगायची आणि फोन ठेवून द्यायची. बाईंना लेकीचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण बाळ खोकायचं थांबलं होतं, आणि आपण बरोबर ठरलो याचं समाधान काही लपत नव्हतं.

मग आला रविवार. दुपारी लेक बाळाशेजारी झोपली होती. बाईंनी केस रंगवायला काढले. म्हातारपण आलं म्हणून काय झालं, भांगात पांढरी रेघ घेऊन हिंडायचं? रंगाचा वास असा उग्र की त्यांचंच नाक झोंबलं. हा वास बाळापर्यंत जायला नको, म्हणून त्यांनी बाथरूमचा फॅन लावला. केस धुतले, टॉवेल गुंडाळला, फॅन तसाच ठेवला आणि बाहेर आल्या.

आतून बाळ खोकलं.

बाई धावल्या. मीटरवर पंच्याऐंशी. घरात सिगरेट सोडा, काडीसुद्धा पेटलेली नव्हती. त्यांनी खिडकी चाचपली, पट्ट्या घट्ट होत्या. तेवढ्यात कपाटामागून बारीक शिट्टीसारखा आवाज आला. बाईंनी खांदा लावून कपाट सरकवलं. नळीच्या भोकावरची पट्टी फुगलेल्या गालासारखी आत आली होती. तिची एक कड सुटली होती आणि तिथून जळक्या वासाचा वारा थेट त्यांच्या हातावर येत होता.

बाथरूममध्ये फॅन घरघरत होता. बाई गेल्या, बटण बंद केलं, परत आल्या. पट्टी भिंतीला टेकली होती. पुन्हा जाऊन फॅन लावला. पट्टी फुगली. फॅन घरातली हवा बाहेर फेकत होता, आणि घर तर चहूबाजूंनी बंद केलेलं. मग ते हवा आणणार कुठून? मिळेल त्या भोकातून बाहेरचा धूर आत ओढत होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्यांनी.

लेक अजून झोपेत होती. कड दाबून टाकली, कपाट जागेवर ढकललं, की कुणाला काही कळलं नसतं. बाईंच्या मनात ते आलं, खोटं कशाला बोला. पण शेडमध्ये थिनरच्या वासात झोपणारा तो पोर डोळ्यांपुढे आला आणि त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी कड दाबली, फॅन बंद केला, लेकीला उठवलं, सगळं सांगितलं आणि जावयालाही फोन लावून फॅनचा प्रकार कळवला.

तो लगेच आला. उंबऱ्याबाहेरच थांबला, हातात चिकटपट्टीचं नवं कोरं बंडल.

"चुकले मी," ओले केस गळत असतानाच बाई म्हणाल्या. "तुम्ही सिगरेट ओढत नव्हता. मी तुम्हाला उगाच चोर ठरवलं. मला काय बोलायचं ते बोला."

तो रागावला नाही. त्याचा चेहराच उतरला. "म्हणजे रोज संध्याकाळी धूर मीच आत ओढत होतो?"

"अहो, तुम्हाला काय माहीत..."

"तुम्ही बरोबर होता, आई. माझ्यामुळेच चढत होता तो."

हेच तर बाईंना त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. आता ऐकलं आणि कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"आत या," त्या घाईघाईने म्हणाल्या. "आंघोळ करा, फॅन लावू नका. संपलं."

"आत्ता आकडा किती आहे?"

"नऊ! बघा, नऊवर आला."

"मी नसताना नऊ," तो म्हणाला. "मग नकोच. अजून काय काय करत असेन मी, माझं मला न कळता." त्याने बंडल बायकोच्या हातात दिलं. "दोन थर मार. कडा फडक्याने दाबून घे. धूर सरला की येतो मी." आणि कुणी काही बोलायच्या आत तो जिना उतरायला लागला.

बाईंनी लेकीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कापत नव्हता.

"तू घालवलंस त्याला," ती म्हणाली. "आता तूच आण."

बाईंनी खुंटीवरचा मास्क लावला, दार मागे घट्ट ओढून घेतलं आणि ओल्या केसांनी त्याच्यामागे धुरात उतरल्या.