आठव्या क्रॉसचा ठेका

“पंचवीस वर्षांनी आता कशाला उकरून काढायचं ते सगळं,” प्राणेश चष्मा पुसता पुसता पुटपुटला. चष्मा सकाळपासून तिसऱ्यांदा पुसला जात होता. वसुमती शेजारीच मटार सोलत बसली होती म्हणून तिला ऐकू आलं. एरवी नवऱ्याचं पुटपुटणं तिच्या वाट्याला येत नसे.

उकरायचं होतं ते असं. प्राणेश एकेकाळी ‘टिनशेड’ नावाच्या रॉक बँडमध्ये ड्रम्स वाजवायचा. बंगळुरूच्या कोरमंगलात कुणाच्या तरी घरामागे पत्र्याखाली चार मुलं जमायची, म्हणून ते नाव. त्यांची दुसरी कॅसेट, ‘एट्थ क्रॉस’, म्हणजे तिथली आठवी गल्ली, आता मोठी रेकॉर्ड होऊन पुन्हा निघणार होती. बंगळुरूच्या रॉकला स्वतःचा आवाज इथे सापडला, असं जाणकार लिहीत होते. कव्हरचा मजकूर आज संध्याकाळी छापायला जायचा होता, आणि त्याआधी बँडचा गायक सुहास तो दाखवायला येणार होता.

वसुमतीला या संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ज्या गोष्टीवर नवरा गप्प बसतो, तिच्याबद्दल बायकोला कुतूहल वाटणारच. लेकीने, सिद्धीने, फोनवर बँडचे तिन्ही अल्बम लावून दिले होते, आणि गेला आठवडाभर पोळ्या लाटताना ती ते क्रमाने ऐकत होती. पहिल्यात मुलं नुसती धावत होती आणि बर्फाची गाणी म्हणत होती. चौघांपैकी एकानेही बर्फ फ्रिजबाहेर पाहिलेला नव्हता. तिसरा एकदम गुळगुळीत, लग्नाच्या हॉलच्या फरशीसारखा. दुसरा मात्र वेगळाच. त्यात वीज गेलेल्या गल्ल्या होत्या, बस चुकलेली माणसं होती, आणि कुणालाच कुठे पोचायची घाई नव्हती. ड्रम्स गाण्याच्या किंचित मागून यायचे, थकलेल्या माणसाला पुढे जाऊ देऊन आपण सावकाश चालावं तसे. पहिल्यांदा ऐकताना ती कंटाळली. दुसऱ्यांदा तिची पोळी करपली.

आणि तिथेच तिला खटकलं. प्राणेशच्या हाताला उपजत घाई. गणपतीत झांज त्याच्याकडे गेली की दुसऱ्या आरतीपर्यंत सगळं घर धापा टाकू लागे. सासूबाई होत्या तोवर त्या झांज सरळ काढूनच घ्यायच्या. पहिल्या अल्बमात तीच घाई होती. तिसऱ्यातही होती. मग मधल्या एका वर्षापुरता हा माणूस इतका निवांत झालाच कसा?

चार वाजता सुहास आला. सोबत महांतेश, रेकॉर्ड प्लेअर जोडून द्यायला. महांतेश बेळगावकडचा, गावी जत्रेत हलगी वाजवणारा. तेव्हा तो बँडचं सामान वाहायचा. आता मारतहळ्ळीत त्याचं साउंड सिस्टीमचं दुकान होतं. “अक्का, चहा स्वल्पच द्या,” म्हणत त्याने वायरी जोडल्या, नमुन्याची रेकॉर्ड लावली आणि भिंतीला टेकून बसला.

पहिलं गाणं सुरू झालं तसा प्राणेश उठून बाल्कनीच्या दारापाशी गेला. या गाण्यांना तो नेहमीच उठून जायचा. वसुमती महांतेशकडे पाहत राहिली. त्याचा तळवा मांडीवर पडत होता, किंचित मागून, प्रत्येक ठोक्याला नेमका. चेहऱ्यावर काही नव्हतं. हाताला सगळं पाठ होतं.

तिने सुहासकडून कव्हरचा कागद मागून घेतला. ड्रम्स: प्राणेश. महांतेशचं नाव कुठेही नाही, सामान वाहणाऱ्यांतही नाही. खाली तारखा होत्या. अख्खा अल्बम चार दिवसांत, ऑगस्ट १९९९, नऊ ते बारा.

दहा तारखेला प्राणेश तंजावरला तिच्या माहेरी बसला होता. तिला बघायला आला होता आणि घाईघाईत खिरीने जीभ भाजून घेतली होती. ती तारीख तिला मरेपर्यंत विसरता येणार नव्हती.

“सुहासभावोजी, या तारखा बरोबर आहेत ना?”

सुहास म्हणाला, स्टुडिओच्या वहीतूनच उतरवल्यात. मग तो कपातल्या चहाकडे बघत बसला.

“तारखांचं काय घेऊन बसलात, अक्का,” महांतेश म्हणाला. “तेव्हा कॅसेटची कव्हरं आधीच छापून आली होती. फोटो यांचे, नावं यांची. एवढी वर्षं चाललंच की.”

वसुमतीच्या जिभेवर सगळं आलं होतं, पण ते नाव खोडणं तिचं काम नव्हतं. तिने कागद टीपॉयवर ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि मटाराची टरफलं गोळा करू लागली.

गाणं संपलं. प्राणेश दारातून परत आला, महांतेशशेजारी खाली बसला. पेन उचललं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्याने घाई केली नाही. एक ओळ सावकाश खोडली.

“सुहास, हे मी वाजवलेलं नाही,” तो म्हणाला. “एकही गाणं नाही. सगळं महांतेशने वाजवलंय.”