शमी आणि वेडी बाभूळ

"अहो, उठा आता. सगळे जेवायला थांबलेत," समिधा म्हणाली.

रामेश्वर उठला नाही. अल ऐनच्या रस्त्यालगतच्या माळावर तो गुडघे टेकून, जवळजवळ नाक घासत बसला होता. शहाण्णव साली हिवाळ्यात पाऊस बरा झाला होता आणि खडकाळ वाळूत मधूनमधून हिरवं फुटलं होतं. दुबईतल्या मराठी मंडळाची सहल आली होती बिर्याणी खायला, क्रिकेट खेळायला. हा मात्र कुठल्याशा जांभळ्या फुलाच्या पाकळ्या न्याहाळत होता.

"डॅडी, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग," रुपाली पुटपुटली आणि मैत्रिणींकडे पळाली.

लेकीचं काही चुकलं असं समिधाला वाटलं नाही. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेला नवरा दुबईत पाइपांच्या गोदामात स्टोअरकीपर होता आणि दर शुक्रवारी असल्या उजाड माळांवर एकटाच हिंडायचा. अल मनखूलच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये त्याला 'गवत्या' म्हणत. ते नाव समिधानेच पाडलं होतं.

"ही शमी," जेवताना जवळच्या झाडाकडे बोट करत तो जमलेल्यांना सांगू लागला. "इथले लोक गाफ म्हणतात. मूळची इथलीच. ती पलीकडची वेडी बाभूळ, बाहेरून आणून लावलेली. पानं सारखी वाटतात, पण काटे बघा. तिचे जोडीने येतात, शमीचे सुटे. ती बाभूळ पसरली की खाली काही उगवू देत नाही."

"बाहेरून आली आणि पसरली! म्हणजे आपणच की रे," अनिल म्हणाला.

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने समिधा.

अनिल रामेश्वरचा कॉलेजमधला मित्र. आता एका लँडस्केपिंग कंपनीत मॅनेजर. निघताना तो म्हणाला, "राम्या, माझ्याकडे ये. याच पट्ट्यात आमचं काम निघतंय. वेडी बाभूळ तेवढी काढायची, बाकी ठेवायचं. ओळखणारा माणूस हवाय."

"बघा," गाडीत समिधा म्हणाली, "गवताचेही दिवस येतात."

रामेश्वरने गोदाम सोडलं. दिवसभर माळावर फिरून तो वेड्या बाभळींना तोडणीच्या खुणेच्या लाल फिती बांधायचा. हात ओरबाडून घरी यायचा आणि जेवताना बोलत राहायचा. आज पांढरी फुलं दिसली, आज आपल्याकडचा आंबट चुका सापडला. समिधा टीव्हीकडे तोंड करून ऐकायची.

मग एका संध्याकाळी अनिल घरी आला.

"क्लायंटला आता सगळीकडे लॉन हवंय. मध्ये कारंजं. तू सरसकट सगळ्यालाच फिती बांध. खलास."

"त्यात शमी आहेत. आपल्या आजोबांच्या वयाच्या."

"काटा तो काटा. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

अनिलने कप खाली ठेवला. "वहिनी, याला पाइप मोजायलाच ठेवायला हवा होता."

"ऐका ना त्यांचं," समिधा नवऱ्याला म्हणाली. "ती झुडपं काय तुम्हाला जेवायला घालणार आहेत?"

रामेश्वरने शमींना फिती बांधल्या नाहीत.

पुढचं समिधाला मंडळाच्या हळदीकुंकवात कळलं. बायका आत होत्या, पुरुष दारात. अनिल रंगवून सांगत होता.

"बुलडोझरचा ड्रायव्हर आपला रत्नागिरीचा, खैरुद्दीन. तो विचारतो, 'साब, जिला फीत नाय ती पण काढू?' मी म्हटलं, यल्ला, चालव! आणि हा गवत्या मशिनच्या पुढे उभा. दोघांनी धरून बाजूला केला. मिठीच मारायचा राहिला होता झाडाला!"

दारातले हसले, आतल्या बायकाही हसल्या. समिधाने हातातलं तबक खाली ठेवलं. ती तशीच चपला घालून घरी आली.

अनिलचं काम सोडून रामेश्वरने जुनं गोदाम पुन्हा धरलं, पण त्याच्या जागी दुसरा माणूस आला होता. आता त्या माणसाच्या हाताखाली काम करावं लागलं.

पुढच्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी तो पेपर वाचत बसला होता. समिधाने पोळ्या, बटाट्याची भाजी, चटणी असा डबा भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"हट्टाच्या डोंगरांकडे पाऊस झालाय म्हणे. जाऊन या ना."

"नको."

"मी येते बरोबर. मला दाखवा."

त्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला. "काय दाखवू तुला? उद्या तेही नसेल."

डबा त्याने टेबलावरच उघडला आणि खाली मान घालून जेवू लागला. समिधा पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसून राहिली.